चुकीच्या घरातली फाईल

सकाळी जोसेट तेरियोने मत्स्यबीज केंद्राचं दार उघडलं आणि ती जागीच थिजली. टाक्यांवर पांढरी पोटं तरंगत होती. वसंतात नदीत सोडायची सॅमनची पिल्लं, एकूण एक मेलेली. पाण्यातला प्राणवायू रात्री उतरला होता आणि इशारा वाजलाच नव्हता.

इशाऱ्याची पाळी जोसेटची होती.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीची तपासनीस एडना मेलान्सन आली. बाई बोलायला तुसडी, पण कान तिखट. व्यवस्थापक अल्बानने तोंड वाकडं करून सांगितलं, "तपास कसला? आमच्या गॉर्डनला जोसेटच्या लॅपटॉपवर सेटिंगची फाईल सापडलीय. प्राणवायू सातच्या खाली गेला की इशारा वाजतो, ती मर्यादा दोन केलेली. आज तिचा हिशेब करतो. या नदीवर तिला परत कोणी उभं करणार नाही."

"मी हात लावला नाही हो त्याला," जोसेट म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. पिल्लं तिने अंड्यांपासून वाढवली होती.

"इशारा येतो कसा?" एडनाने विचारलं.

उत्तर गॉर्डन प्रेबलने दिलं. इशाऱ्याचा प्रोग्रॅम त्यानेच बनवलेला. "पंपघरातलं मशीन पाणी मोजतं आणि इशारा धाडतं. तो माझ्या फोनवर येतो, आणि ज्याची पाळी त्याच्या लॅपटॉपवर. मर्यादा पंपघरात आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे लिहिलेली असते."

"तुमचा फोन वाजला नाही?"

"झोप गाढ आहे माझी."

एडना पंपघरात गेली. तिने प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर प्रश्न आला: भाषा कोणती, इंग्रजी की फ्रेंच?

"हे काय नवीन?" जोसेट चक्रावली. "पहिल्या दिवशी विचारलं होतं, त्यानंतर कधीच नाही."

एडनाने जोसेटचा लॅपटॉप मागवला. तो मॅक होता. बराच वेळ ती त्यात डोकं घालून बसली. मग तिने तिघांना समोर बसवलं.

"गॉर्डन, ती फाईल सापडली कुठे?"

"नेहमीच्या जागी. टिंबाने सुरू होणारं लपलेलं फोल्डर असतं ना, कॉन्फिग नावाचं, त्यात."

"नेहमीच्या? कुणाच्या नेहमीच्या?"

गॉर्डन लॅपटॉपकडे बघू लागला. एडनाने पडदा त्याच्याकडे फिरवला.

"पंपघरातलं मशीन लिनक्स प्रणालीवर चालतं. तिथे सेटिंग त्या फोल्डरात राहतात. अल्बानच्या विंडोजवर ॲपडेटा नावाच्या फोल्डरात. मॅकवर हा प्रोग्रॅम लायब्ररीच्या फोल्डरात बघतो, दुसरीकडे ढुंकूनही नाही. तिथे जोसेटची खरी फाईल आहे. मर्यादा सात. म्हणजे इशारा आला असता तर तिचा लॅपटॉप वाजलाच असता. इशारा पंपघरातूनच निघाला नाही."

"मग दुसरी फाईल?" अल्बानने विचारलं.

"मागाहून आणून ठेवलेली. पंपघरातून उचलून. म्हणून तर ते मशीन कोरं होऊन भाषा विचारत बसलंय. गॉर्डन, मॅकसाठीचा भाग तुम्ही लिहिला का?"

"बाहेरून करून घेतला," तो पुटपुटला.

"म्हणून चुकलात. इथे लिनक्स वापरणारे तुम्ही एकटे. हात सवयीच्या जागी गेला."

गॉर्डनचा चेहरा उतरला. "आठवडाभर फोन उगाच बोंबलत होता. त्या रात्री हॉकीचा सामना होता. म्हटलं, एवढी एक रात्र गप्प करतो, सकाळी परत सात करीन."

"काल तू माझ्यासोबत जाळी धरून मेलेली पिल्लं उपसत होतास," जोसेट हळू आवाजात म्हणाली. "माझा लॅपटॉप काठावर उघडा होता. मी बादली ओतायला गेले, तेव्हा ती फाईल टाकलीस?"

त्याने मान खाली घातली.

"मी परत आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवलास तू. म्हणालास, होतं असं कधीकधी."

अल्बानला आता तिच्याकडे बघवेना. "जोसेट, तू कामावर राहा," तो कसाबसा म्हणाला.

शेवटची टाकी अजून उपसायची राहिली होती. जाळी उचलून जोसेट एकटीच बाहेर गेली.