बॅनरचे तीन खांब

"खांबांना काय पाय फुटले?" टाचणी गॅरेजच्या मधोमध उभी राहून ओरडली. "परवा तर इथेच होते!"

कोपरा रिकामा होता. तिथे तीन उंच लोखंडी खांब असायचे. वादळ येणार असलं की ते गॅरेजच्या मोठ्या पत्र्याच्या दाराला आतून लावायचे. खाली जमिनीतल्या भोकात बसवायचे, वर भिंतीच्या पट्टीला बोल्ट लावायचे आणि कड्या दारात अडकवायच्या. आत्या इस्पितळात नर्स होती आणि वादळामुळे तिला ड्यूटीवरच थांबवून घेतलं होतं. सकाळी फोनवर तिने दहादा बजावलं होतं, "संध्याकाळच्या आत खांब लावा! ते दार दबलं की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचकटतो. वरच्या खोलीत आजोबा आहेत!"

आजोबांच्या मांडीचं हाड मोडलेलं, प्लास्टर कमरेपर्यंत. त्या अरुंद जिन्यावरून त्यांना खाली आणायला चार दणकट माणसं लागली असती. घरात होती तीन पोरं. सुट्टीला आलेली टाचणी, तिचा धाकटा भाऊ बटाट्या आणि आत्याचा मुलगा वकील. वकिलाचं वय तेरा, पण वाद घालायला बसला की मोठेमोठे कानाला हात लावायचे.

"वस्तीच्या समितीच्या इथे ठेवलेल्या खुर्च्याही गायब आहेत," वकील म्हणाला. "म्हणजे इथे कुणीतरी किल्लीने आलं होतं. आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"भोंग्याकडे!" बाकीचे दोघे एकदम ओरडले.

भोंगा म्हणजे शेजारचे काका, वस्तीच्या वादळ-तयारी समितीचे अध्यक्ष. हे पद त्यांना कुणी दिलं होतं म्हणता? कुणीच नाही! त्यांनीच सभा बोलावली, स्वतःचंच नाव सुचवलं आणि मेव्हण्याकडून अनुमोदन घेतलं. तेव्हापासून समितीने जी काय तयारी केली, ती सगळी तोंडाने. एक खिळा ठोकला असेल तर शपथ!

तिघं गल्लीच्या टोकाच्या मैदानावर धावली. तिथे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि समोर भलंमोठं बॅनर फडफडत होतं. 'आमची तयारी पूर्ण आहे!' ही अक्षरं बोटभर आणि शेजारी अध्यक्षांचा चेहरा मात्र दारासारखा रुंद.

"ताई," बटाट्याने टाचणीची बाही ओढली. "बॅनरच्या खांबांना कड्या कशाला लागतात गं?"

टाचणी बघतच राहिली. तिन्ही खांब तिथे होते! वादळापासून घर वाचवणारे खांब काढून त्यांच्यावर वादळाच्या तयारीचं बॅनर! हसावं की डोकं आपटून घ्यावं, तिला कळेना.

"काका, हे खांब आमचे आहेत," ती अध्यक्षांसमोर जाऊन म्हणाली. "आम्हाला आत्ता हवेत."

"सभा झाली की बघू."

"पण सभा संपेपर्यंत वादळ येईल!" वकील म्हणाला.

"अरे, वादळासाठीच तर सभा आहे!"

"अगदी बरोबर, भाऊजी!" मेव्हणा म्हणाला. हा माणूस दिवसभर एवढंच बोलायचा.

"आणि खांबबिंब काही लागत नाहीत," अध्यक्षांनी बोट उंचावलं. "दार हातभर उघडं ठेवा. वारा इकडून येईल, तिकडून जाईल. विज्ञान आहे हे, विज्ञान!"

"तिकडून म्हणजे छपरातून का?" वकिलाने विचारलं.

"बाळ, अध्यक्ष मी आहे की तू?"

झालं! तिघं बाजूला आली. आकाश काळवंडत होतं, आणि आजोबा खिडकीकडे बघत एकटे पडले असतील, हे टाचणीच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. अशा बडबड्या माणसामुळे त्यांना काही झालं तर?

"रात्री काढून नेऊ," बटाट्या म्हणाला.

"रात्रीपर्यंत छप्पर राहिलं तर ना!" टाचणी चिडली. मग तिचं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. पेपरचा फोटोग्राफर जांभया देत होता. शेजारी अग्निशमन दलाच्या अधिकारी बाई बसल्या होत्या, सभा केव्हा सुरू होते याची वाट बघून कंटाळलेल्या.

"ऐका," टाचणी हळूच म्हणाली. "भोंगा काही बंद होत नाही. पण तो कुठे वाजवायचा, ते आपण ठरवू या!"

ती पुन्हा अध्यक्षांकडे गेली, आता बोलण्यात साखर पेरत.

"काका, तुमचं अगदी खरं! पण पेपरात नुसता भाषणाचा फोटो? भाषण काय, कुणीही ठोकतं! तुम्ही स्वतः बाह्या सरसावून एका आजारी आजोबांच्या घराचं दार पक्कं करताय, असा फोटो आला तर?"

अध्यक्षांचे डोळे लकाकले. "पहिल्या पानावर?"

"वरच्या बाजूला!" वकिलाने री ओढली.

"फोटो चांगला होईल," फोटोग्राफर जांभई गिळत म्हणाला. त्याला तिथून उठायला निमित्तच हवं होतं.

"उतरवा ते बॅनर!" अध्यक्ष मेव्हण्यावर गरजले. "इथे आजोबा संकटात आहेत आणि तू खांब अडवून बसलास?"

"अगदी बरोबर, भाऊजी!"

वरात गॅरेजपाशी आली. अध्यक्षांनी एक खांब उचलला, उलटा धरला आणि दाराच्या बाहेरून टेकवून कॅमेऱ्याकडे बघत हसले.

"अध्यक्ष, आतून," अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तळ वर आलाय."

फोटो निघेपर्यंत अध्यक्षांनी खांबावर हात ठेवला, बस्स. खाली बसून भोकातली माती उकरली बटाट्याने, शिडीवर चढून बोल्ट आवळले टाचणीने आणि कड्या अडकवल्या वकिलाने. बाईंनी दाराच्या मोटरची वीज बंद करायला लावली. "चुकून कुणी बटण दाबलं तर दार, खांब सगळंच वाकेल." मग त्यांनी दाराला खांदा लावून जोर दिला. दार तसूभर हललं नाही.

"आणि तुमच्या दाराचं काय?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

"माझं? खास मागवलेलं दार आहे ते! वारा बघूनच परत जाईल!"

"अगदी बरोबर, भाऊजी!"

वारा परत गेला नाही. अंधार पडता पडता तो असा सुटला की गल्लीतली झाडं जमिनीला टेकायला लागली. तिघं आजोबांच्या खाटेभोवती बसली होती. खाली गॅरेजचं दार ढोलासारखं घुमत होतं.

"खालच्या मधल्या खोलीत जा रे," आजोबा म्हणाले. "मला काही होत नाही."

"मग आम्हालाही काही होत नाही," टाचणी म्हणाली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला. तिला भीती वाटत होती, खूप वाटत होती. प्रत्येक धडाक्याला ती छपराकडे बघायची. छप्पर करकरायचं, पण जागच्या जागी राहायचं.

एवढ्यात शेजारून कडाडकन आवाज झाला! थोड्या वेळाने कुणीतरी स्वयंपाकघराचं दार बडवायला लागलं. वकिलाने उघडलं. दारात अध्यक्ष, काकू आणि मेव्हणा, तिघंही चिंब!

"दार दुमडलं रे आमचं!" काकू रडत म्हणाल्या. "छपराचे पत्रे गेले!"

"कोण आलंय?" वरून आजोबांनी विचारलं.

"अध्यक्ष!" बटाट्या ओरडला.

"घ्या आत. आणि म्हणावं, इथे भाषण करू नका, वाऱ्याचाच आवाज पुरे आहे."

मेव्हण्याने तोंड उघडलं, भाऊजींकडे पाहिलं आणि परत मिटलं.

सकाळी वारा थांबला. अधिकारी बाई गल्लीत पाहणी करत आल्या, खांब हलवून बघितले आणि त्यांनी तिघांशी हात मिळवला. "दलातल्या नव्या मुलांना मी तुमची गोष्ट सांगणार आहे," त्या म्हणाल्या. अध्यक्ष पुढे झाले, पण त्यांच्याकडे बघायला बाईंना सवड नव्हती.

तेवढ्यात आत्या आली. गणवेशातच धावत जिना चढली. आजोबांना सुखरूप बघितलं आणि मटकन खाली बसून रडायलाच लागली. तिन्ही पोरांना तिने एकदम मिठी मारली.

"रात्रभर जीव टांगणीला लागला होता, बाबा," ती म्हणाली. "घरात एकसुद्धा मोठं माणूस नव्हतं!"

"होती की, तीन," आजोबा म्हणाले. "आणखी एक, तो भोंगा, खाली आमच्या टेबलाखाली झोपला होता रात्रभर. त्याला मात्र मोजू नकोस."