कर्नल ऑर्डवेचा शेरा

हिमवादळाचे दिवस असले की डाकोटातल्या त्या लष्करी कचेरीत दुपारीच दिवा लावावा लागे. सार्जंट लेम्युएल हॅस्केटने दिवा लावला, टपाल नीट रचलं आणि जनरल क्रोवेल यांच्यापुढे विलो चौकीचं पत्र पुन्हा एकदा ठेवलं. चौकीवरचा शिधा संपला होता; माणसं घोडे मारून खात होती. त्या माणसांत हॅस्केटचा धाकटा भाऊ नेथन होता.

जनरलनी घडी उलटून पाठ पाहिली. "कर्नल ऑर्डवेचा शेरा कुठाय?"

"साहेब, कर्नल शरदातच वारले. तुम्हीच खांदा दिलात."

"ठाऊक आहे मला. वॉशिंग्टन त्यांच्या जागी माणूस नेमेल, तो शेरा मारेल, मग मी बघेन. आज चौकीचा कप्तान थेट मला लिहितोय, उद्या तिथला आचारी लिहील."

"तोवर त्यांनी काय खायचं, साहेब?"

"आवाज खाली, हॅस्केट. परत पाठव. योग्य मार्गाने येऊ दे."

मागच्या कोठारात पिठाची पिंपं आणि खारवलेलं मांस छतापर्यंत रचलेलं होतं. हॅस्केटला वाटलं, दौत उचलावी आणि म्हाताऱ्याच्या टाळक्यात घालावी. पण हात सवयीचे गुलाम. त्याने मुकाट्याने 'सादर परत' असं लिहिलं आणि मग नुसत्या संतापापोटी ते पत्र भिंतीवरच्या कपाटात, मेलेल्या कर्नलच्याच खणात कोंबलं. घ्या, हा तुमचा योग्य मार्ग.

दुसऱ्या दिवशी तो खण रिकामा होता. पत्र टपालाच्या टोपलीत सगळ्यात वर पडलं होतं. कागद दमट होता आणि त्याला उकरलेल्या ओल्या मातीचा वास येत होता. बाहेर जमीन अशी गोठली होती की कुदळही रुतत नव्हती. पाठीवर जांभळ्या शाईत शेरा होता: 'शिफारशीसह सादर. ऑर्डवे.' अख्ख्या कचेरीत जांभळी शाई एकटे कर्नलच वापरत.

हॅस्केटने बोट फिरवलं. शाई बोटाला लागली.

त्याने ते बोट कोटाला पुसलं. पण नेथनच्या पोटात अन्न जाणार असेल तर त्याला कुणाचीही सही चालली असती. तो पत्र घेऊन आत गेला.

"बघ," जनरल खूश होऊन म्हणाले, "शिस्तीने आलं की नाही?"

"साहेब... ही सही..."

"ओळखीची आहे." त्यांनी 'मंजूर' लिहिलं.

"मी गाड्या जोडायला सांगतो."

"गाड्या कर्नलच्या हुकमाने सुटतात. पत्र आलं त्याच मार्गाने जाईल."

हॅस्केट तरीही कोठाराकडे धावला. कोठारवाल्याने कागद पाहिला, थंडीने लाल झालेलं नाक पुसलं आणि म्हणाला, "जनरलचं ठीक आहे रे, पण कर्नलचा हुकूम आण. माझी नोकरी घालवतोस का?" हॅस्केटला रडू फुटायचंच बाकी होतं. शेवटी तो कपाटापुढे उभा राहिला आणि पत्र त्या खणात हळूच सरकवलं.

"लवकर करा, कर्नल..." तो पुटपुटला.

कर्नलनी खरंच लवकर केलं. दुसऱ्या दुपारी टोपलीत नवा कागद होता, तसाच दमट. हॅस्केटने तो दिव्याजवळ धरला. 'विलो चौकीची सगळी माणसं माझ्याकडे हजर झाली आहेत. शिध्याची आता गरज नाही.'

तो तिथेच खुर्चीत बसला. जनरल कधी बाहेर आले आणि त्यांनी हातातून कागद कधी घेतला, हे त्याला कळलंच नाही.

"खाली मागणी आहे," जनरल मोठ्याने वाचू लागले. "'इकडे कचेरीला कारकून नाही. सार्जंट हॅस्केट यांना पाठवावं. त्यांचा भाऊ वाट पाहतो आहे.'" त्यांनी मान डोलावली. "रीतसर आहे."

"साहेब... सही करू नका..."

"नाकारायचं कारण काय लिहू?"

जनरलनी टाक दौतीत बुडवला. ती दौत हॅस्केटने सकाळीच स्वतःच्या हाताने काळ्या शाईने भरली होती.

टाक वर आला, तेव्हा टोकावर जांभळा थेंब होता.