साखरकट्ट्याची दहा मिनिटं

रणजितच्या डबीने सकाळी साडेसातच्या जरा आधी कट्ट्यावर शेवटचं लिहिलं होतं, ‘साखर ११८. ठीक.’ त्यानंतर ती गप्प होती, आणि तिच्याबरोबर आणखी चारशे अकरा डब्याही गप्प होत्या. केतकी रेडेकर गडहिंग्लजच्या आपल्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत नव्या सर्व्हरसमोर बसली होती. ओट्यावरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

डबी म्हणजे कृत्रिम स्वादुपिंड. पोटाच्या कातडीखाली बसवलेलं, काडेपेटीएवढं यंत्र. ते रक्तातली साखर मोजतं आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतं. ज्या कंपनीने ते बनवलं ती चार वर्षांत गाशा गुंडाळून मोकळी झाली, आणि डबी वापरणारी माणसं पोटात यंत्र घेऊन तशीच उघड्यावर पडली. प्रत्येक डबीला दर दहा मिनिटांनी कुठल्या तरी मोठ्या संगणकाकडून पुढचा हिशोब लागायचा, आणि तो संगणकच बंद पडणार होता. तेव्हा निपाणीचे चिंचोळकर सर पुढे आले. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले, स्वतःच्या पोटात डबी असलेले. त्यांनी घरच्या संगणकावर एक साधा गप्पांचा कट्टा उभारला आणि त्यात माणसांसारखंच डब्यांनाही सदस्य करून घेतलं. डबी आपल्या धाग्यावर आकडा लिहायची आणि कट्टा खाली प्रतिसादात हिशोब द्यायचा. हे सगळं उपग्रहामार्फत चालायचं, त्यामुळे माणूस रानात असला तरी अडत नसे. माणसं मात्र एकमेकांचे धागे वाचायची आणि कुणाचा आकडा घसरला की हाकेच्या अंतरावरचा कुणीतरी धावत जायचा. साखरकट्ट्याची ही रीतच पडून गेली होती.

सर दोन महिन्यांपूर्वी गेले. त्यांचं यंत्रही म्हातारं झालं होतं, रोज खोकायचं. म्हणून सगळ्यांनी मिळून नवीन सर्व्हर घेतला आणि तो केतकीकडे आला, कारण हे काम येणारी कट्ट्यावर तीच एक होती. तिच्या स्वतःच्या पोटात डबी नव्हती, ती नवऱ्याच्या, रणजितच्या पोटात होती. स्थलांतराची तयारी तिने तीन आठवडे केली होती. बारा वर्षांचे सगळे धागे उतरवून घेतले, दोनदा तपासले. आज सकाळी साडेसातला जुनं बंद करून नवं चालू केलं, आणि कट्टा उभा राहिल्या राहिल्या कोसळला.

पुन्हा चालू केला की अर्धं मिनिट टिकायचा आणि पुन्हा पडायचा. आतापर्यंत एकवीस वेळा. केतकीने माहितीचा साठा तपासला, जोडण्या तपासल्या, आज्ञावलीची आवृत्ती एक पायरी खाली आणून पाहिली. काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. आणि डोक्यावर टांगती तलवार होती ती साडेअकराची. चार तास कट्ट्याकडून शब्द आला नाही की डबी सुरक्षेसाठी इन्सुलिन पूर्ण बंद करायची. बहुतेकांनी घरातल्या सुया कधीच टाकून दिल्या होत्या. बारा वर्षं सवय मोडलेली माणसं, त्यात एकटी राहणारी म्हातारी किती तरी.

दहाच्या सुमाराला रणजितचा फोन आला. तो सुक्या मिरच्यांचा टेम्पो घेऊन सावंतवाडीला निघाला होता आणि आजऱ्यात मिसळ खायला थांबला होता. मिसळ झकास होती, डबीला जेवणाचा डोस सांगून ठेवलाय, असं काहीबाही सांगत होता. कामात आहे, नंतर बोलू, म्हणत तिने फोन ठेवला. त्याचा तिला राग नव्हता. पण ज्या माणसाला रस्त्यावरच्या मिसळीत जगाचं सुख सापडतं त्याच्याशी बोलायला तिला त्या घडीला सवड नव्हती.

फोन ठेवून तिने सर्व्हरच्या नोंदी पुन्हा सुरुवातीपासून वाचल्या. एकेक ओळ, बोट ठेवून. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तिला सापडलं. प्रत्येक वेळी कट्टा पडायच्या आधी कुठल्या ना कुठल्या डबीने आकडा लिहिलेला होता, आणि त्या आकड्याची वेळ अजून उजाडलीच नव्हती. आत्ता दहा पाच होते आणि डबी म्हणत होती, दहा पंधरा. आकडा किती मिनिटं जुना आहे हे कट्टा काढायला जायचा, उत्तर यायचं उणे दहा, आणि त्याचं डोकं फिरायचं. उद्याचं आज कुणी आणून देईल, याची तयारी आज्ञावली लिहिणाऱ्याने ठेवलीच नव्हती.

चारशे बाराच्या चारशे बारा डब्या दहा मिनिटं पुढे होत्या. नव्या सर्व्हरची वेळ थेट उपग्रहावरून येत होती, म्हणजे ती चुकणं शक्य नव्हतं. मग चूक डब्यांची. त्यांना बरोबर वेळ कळवायची की झालं, साधी एका ओळीची आज्ञा. पण सगळ्यांना एकदम पाठवायची तिची छाती होईना. आधी एकीवर करून बघायला हवं होतं, आणि दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करायचा नाही, हे तिच्या रक्तातच होतं. तिची आई नवीन लोणचंसुद्धा पाहुण्यांच्या आधी घरच्यांच्या पानात वाढायची. केतकीने यादीतून रणजितची डबी निवडली. दहा वाजून आठ मिनिटांनी आज्ञा गेली, आणि पुढच्या खेपेला त्याच्या डबीने लिहिलेला आकडा कट्ट्याने गुमान घेतला. दुसऱ्या एका डबीने लिहिल्यावर पुन्हा पडला ते सोडा, पण रणजितच्या आकड्यावर पडला नाही.

हुश्श झालं तिला. डोळ्यांत पाणीच आलं. उरलेल्या चारशे अकरांसाठी तिने आज्ञा लिहून तयार केली, दोनदा वाचली, आणि बोट कळीवर नेताना तिला सरांच्या बायकोची आठवण झाली. नलिनीकाकूंच्या पोटातही डबी होती. त्या ऐंशीच्या, घरात एकट्या. अचानक यंत्रात काही बदललं तर घाबरतील, म्हणून केतकीने त्यांना आधी फोन लावला. साडेदहाला डबीत एक छोटा बदल होईल, असं तिने सांगितलं. घड्याळात दहा पंचवीस झाले होते. काकू शांतपणे म्हणाल्या की आपल्याकडे तर पावणेअकराला दहाच कमी आहेत. केतकीने सहज विचारलं, काकू, तुमचं घड्याळ पुढे आहे का?

“आमच्याकडची सगळीच पुढे असतात गं. यांची सवय. म्हणजे एसटी चुकत नाही म्हणायचे. तो संगणकही त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर लावला होता, आणि डब्या वेळ त्याच्याकडूनच घ्यायच्या,” काकू म्हणाल्या. “पण एकदा लावलं ते लावलं. परत मागे घ्यायचं नाही, हे मला बजावून ठेवलं होतं त्यांनी.”

“का?”

“सुरुवातीला स्वतःच्या डबीची वेळ मागे घेऊन बघितली होती त्यांनी. तर तिने सकाळचा डोस परत दिला. तिच्या लेखी ती वेळ पुन्हा आली होती ना. घामाने निथळले, ओट्याशीच कोसळले. मी तोंडात साखर कोंबली म्हणून वाचले.”

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंना काय उत्तर दिलं तेही तिला नंतर आठवेना. सरांनी ही गोष्ट कट्ट्यावर लिहिली नव्हती, कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती. घरात बायकोला सांगितली आणि त्यांच्या दृष्टीने ती मिटली. तिने तयार आज्ञा पुसून टाकली आणि रणजितच्या डबीची नोंद उघडली. जेवणाचा डोस डबीच्या घड्याळाने दहा पंधराला होता. तो मिळाला. मग केतकीने घड्याळ मागे ओढलं. पुन्हा दहा पंधरा वाजले आणि डबीने इमानदारीत तोच डोस पुन्हा दिला. पोटात गेलेलं औषध परत काढता येत नाही.

तिने रणजितला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्याने आजरा सोडलं होतं. आता आंबोलीपर्यंत जंगल आणि त्यानंतर घाट, मोबाइलला कुठेच धड रेंज नाही. आपत्कालीन क्रमांकावर तिने सगळं सांगितलं. गाडी सावंतवाडीहून निघते आहे, तासभर लागेल, असं तिथल्या मुलीने सांगितलं. साखर उतरली की माणसाला आधी घाम फुटतो, मग बोलणं बरळल्यासारखं होतं, मग डोळ्यांपुढे अंधारी. हे केतकीने दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं, पण दोन्ही वेळा तो घरात, पलंगावर होता. आज त्याच्या एका बाजूला दरी असणार होती.

रडायला येत होतं, पण रडून कट्टा उभा राहणार नव्हता. आणि रणजितपर्यंत पोहोचेल अशी कट्ट्याखेरीज दुसरी वाट नव्हती. तिने सर्व्हरचं उपग्रहावरून वेळ घेणं बंद केलं आणि त्याचं घड्याळ हाताने दहा मिनिटं पुढे केलं. चालू केलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. डब्या एकेक करून लिहू लागल्या, निपाणी, लातूर, अकोला, पालघर, आणि कट्टा पडला नाही. चारशे अकरा जीव वाचले होते आणि तिला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

रणजितचा आकडा आला, १३१. मिसळीचा पाव अजून किल्ला लढवत होता. केतकीने नवा धागा काढला. त्यात तिने काहीच लपवलं नाही. माझ्या चुकीने रणजितला दुप्पट डोस गेला आहे, तो आंबोली घाटाकडे निघाला आहे, पिवळा टेम्पो, मिरच्यांची पोती, फोन लागत नाही, जवळ कोण आहे, असं लिहिलं. तीन तास मुकी असलेली माणसं जिवाच्या आकांताने लिहू लागली. शंभरावर प्रतिसाद आले आणि त्यातलं एकही माणूस जवळ नव्हतं. कुणी नागपूरहून धीर देत होतं, कुणी देव पाण्यात घालून बसलं होतं. पुढचा आकडा १०४ आला. त्यापुढचा ७९.

मग अनसूया गावकर यांचा प्रतिसाद आला. घाटात धबधब्याजवळ त्यांची सरबताची टपरी होती आणि वनखात्याच्या नाक्यावरून आलेल्या तारेमुळे तिथे फोन चालायचा. त्यांच्याही पोटात डबी होती. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, ‘मी रस्त्यावर उभी राहते.’ त्यानंतर त्यांच्याकडून काही आलं नाही.

आकडा सत्तरच्या खाली गेला की डबी दर दोन मिनिटांनी लिहायची. ६६. ६१. ५७. केतकी खुर्चीत बसूच शकत नव्हती. उभी राहून, टेबलाची कड धरून ती प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होती, जणू वाचला नाही तर तो आणखी खाली जाईल. ५२. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या माणसाच्या रक्तातला थेंब अन् थेंब तिला इथे बसून दिसत होता, पण त्याला ब्रेक मार म्हणून सांगता येत नव्हतं. ४८. त्यानंतर चार मिनिटं काहीच आलं नाही. ती चार मिनिटं केतकी कशी जगली ते तिचं तिलाच ठाऊक. मग ४५ आला, आणि त्याखाली अनसूयाबाईंचे दोन शब्द, ‘गाडी थांबवली.’

बाकीचं नंतर कळलं. बाईंनी टपरीचं बाकडं रस्त्यात आडवं टाकलं होतं. टेम्पो कठड्याला घासत, वाकडातिकडा येत होता. रणजित उतरायलाच तयार नव्हता, मला काही झालेलं नाही, बाजूला व्हा, असं जड जिभेने भांडत होता. बाईंनी किल्ली काढून घेतली आणि दटावून दटावून त्याला साखर घातलेलं कोकम सरबत पाजलं, चार पेले. अर्ध्या तासाने त्याचा आकडा ९६ झाला. कट्ट्यावर लोक नाचायचेच बाकी होते.

साडेअकरा होऊन गेल्यावर टपरीवरून रणजितचा फोन आला. केतकीला वाटलं होतं तो चेष्टा करेल. त्याचा आवाज थकलेला होता, पण स्वच्छ होता. तिने रडत रडत सगळं सांगितलं. घड्याळं, नलिनीकाकू, दुसऱ्यांदा गेलेला डोस. त्याने मधे एकदाही तोडलं नाही.

“पहिल्यांदा माझ्यावर करून बघितलंस,” तो म्हणाला.

“दुसऱ्या कुणावर करणार होते रे? दुसऱ्याच्या जिवाशी खेळायचं का मी? आपलं माणूस म्हणून तुझ्यावर केलं.”

“ते कळलं मला. चुकलं असं मी म्हणतच नाही. विचारलं असतंस तर मी होच म्हटलं असतं, आणि गाडी बाजूला लावून बसलो असतो.” मागे धबधब्याचा आवाज येत होता. “मी तेव्हा आजऱ्यात होतो, केतकी. चहा पीत होतो. फोन हातात होता माझ्या. त्या काकूंना तू फोन करून विचारलंस. मग मला का नाही विचारलंस?”

केतकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पडद्यावर चारशे बारा डब्या आपापले आकडे लिहीत होत्या आणि कट्टा एकेकीला उत्तर देत होता. पलीकडे रणजित फोन न ठेवता वाट पाहत होता.