उसनं हसू

त्या दुपारी तिला फक्त एक तोंड पुरं करायचं होतं. एवढंच काम. मग टेबल आवरायचं, दिवा घालवायचा आणि शाळेपाशी जाऊन लेकीला आणायचं.

तोंड म्हणजे चित्रातलं. ती चित्रकार, आणि पोलिसांच्या कचेरीत मागच्या अंगाला तिची खोली. भिंतींना ओल आलेली, खिडकी रंगाने चिकटून बसलेली, आणि जिकडेतिकडे हरवलेली मुलं. कुणी गर्दीत सुटलेलं, कुणाला घरच्याच माणसाने नेलेलं. मूल हरवतं तेव्हा जेवढं असतं तेवढंच फोटोत राहतं. पण जिथे कुठे असेल तिथे ते वाढतच असतं. तर फोटोतल्या मुलालाही वाढवायचं, हे तिचं काम. गाल उतरवायचे, हनुवटी खाली आणायची, नाकाला धार द्यायची.

"तू पोरं अढीत घालून पिकवतेस," नवरा चिडवायचा.

तिला हसू यायचं, पण तेवढ्यापुरतंच. स्वतःची लेक शाळेच्या फाटकातून बाहेर दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे. दिवसभर असल्या भिंतींकडे बघणाऱ्या बाईने शहाणं राहावं तरी कसं, अशी ती स्वतःचीच समजूत घालायची. लेकीचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी ठरत नसे. असं नाव ठेवून वर निर्धास्त राहायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

चित्र टेलरबाईंच्या ठमीचं होतं. ठमी तीन वर्षांची असताना बाप तिला "जरा फिरवून आणतो" म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. जाताना घरातले फोटोही घेऊन गेला. एक तेवढा शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली राहिला होता. या गोष्टीला आता पाच वर्षं होत आली होती. टेलरबाई दरवर्षी येत, ठमीचं नवं चित्र नेत, आणि त्यावरून अंदाज बांधून तिच्यासाठी एक फ्रॉक शिवून दुकानात टांगून ठेवत.

अडचण होती ती दातांची. फोटोत ठमीचे दुधाचे दात होते; आता ते पडून नवे आलेले असणार. नवे कसे आले असतील ते आईबापांच्या लहानपणच्या फोटोंवरून ठरवायचं, अशी पद्धत. इथे तसा एकही फोटो नव्हता. मग कचेरीतल्या फोटोंच्या साठ्यातून कुठल्यातरी अनोळखी मुलाचं तोंड घ्यायचं. घरातलं कधीच नाही. जिच्या हाताखाली ती हे शिकली त्या म्हाताऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "घरचा चेहरा या खोलीत आणायचा नाही." का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

साठा उघडेना. कॉम्प्युटरवर गोल चक्र फिरत राहिलं. शाळा सुटायची वेळ झाली. तिने मोबाईल काढला, भिंगरीचा फोटो घेतला. वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला, त्यामुळे हसू एका बाजूला कललेलं. ते हसू तिने उचललं आणि ठमीच्या चेहऱ्यात बसवलं. इतकं चपखल बसलं की तिनेच हात मागे घेतला.

उद्या बदलू, असं म्हणून ती पळाली.

दुसऱ्या दिवशी ती पोचायच्या आधीच टेलरबाई आल्या होत्या आणि साहेबांनी चित्र छापून त्यांच्या हातात दिलं होतं. गळ्यात माप घ्यायची टेप, कपड्यांना वाफेच्या इस्त्रीचा वास. दरवर्षी त्या काहीतरी खोट काढत. या वेळी काढली नाही. चित्रातल्या त्या दातावर नुसतं बोट ठेवलं.

"ताई... हीच. आता अगदी हीच."

"अंदाज असतो हो तो," ती घाईने म्हणाली.

"हिला मी बघितलंय. माझ्या दुकानावरून जाते. शाळेच्या पोरांत."

भिंगरी त्याच रस्त्याने जायची. तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण साहेब समोर बसलेले, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी काहीतरी उजाडलेलं. तिने चहा घेणार का, असं विचारलं. असं काहीतरी विचारणं तिला छान जमायचं.

"नको. कापड बेतायचंय," टेलरबाई म्हणाल्या. जाता जाता तिच्या बाहीची कड त्यांनी दोन बोटांत धरली. "ठमी झोपताना अशी शिवण चाचपायची. टोकापासून टोकापर्यंत. मध्येच संपली की रडायची."

त्यानंतर ती रोज भिंगरीला दुसऱ्या रस्त्याने आणू लागली.

आणि एके दिवशी शाळेच्या फाटकापाशी भिंगरी नव्हती. आभाळ भरून आलेलं, चारलाच दिवे लागलेले. फाटकावरची बाई झाडू टेकून उभी होती.

"तुमची मुलगी? अहो, सगळी पोरं गेली की."

"कुणाबरोबर?"

"मी आत्ता आले कामावर. आत विचारा ना..."

आत कुठलं विचारतेय ती. नवऱ्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. ती सरळ टेलरबाईंच्या दुकानाकडे धावत सुटली.

दुकानाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मशीन बंद, पण तेलाचा वास ताजा. दांडीवर छोट्यापासून मोठ्यापर्यंत फ्रॉक ओळीने टांगलेले, आणि शेवटचा हँगर रिकामा. पडद्यापलीकडे आरशासमोर एक मुलगी पाठमोरी उभी होती. टेलरबाई गुडघ्यांवर बसून तिच्या फ्रॉकला टाचण्या लावत होत्या.

"भिंगरी!"

मुलगी वळली. हसली. पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला, हसू एका बाजूला कललेलं.

तिने पोरीचा हात पकडला. टेलरबाई उठल्या नाहीत.

"ताई... ही आत्ता आली. आपली आपण. मी नाव नाही विचारलं. वाटलं, विचारलं तर... जाईल."

"ही माझी आहे! दात बघा तिचे. चित्रात मी माझ्या मुलीचं तोंड घातलं होतं... चुकलं माझं. पण ही माझी आहे!"

टेलरबाईंच्या हातातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. त्यांनी पोरीच्या फ्रॉकची कड एकदा सरळ केली. मग म्हणाल्या, "तुमची म्हणता... तर न्या."

ती पोरीला जवळजवळ ओढतच बाहेर आली. अंधारून आलं होतं. रस्ता रिकामा. घरी गेल्यावर रागवायचं की कुशीत घ्यायचं, ते तिचं ठरत नव्हतं.

"कितीदा सांगितलंय, कुणाकडे जायचं नाही म्हणून?"

पोरीचं पाऊल वाजत नव्हतं. तिच्या डाव्या हातातला तो इवलासा पंजा मात्र घट्ट होता, आणि गार. नळाखाली धरल्यासारखा. चालता चालता एक बोट तिच्या बाहीच्या कडेवर आलं आणि शिवणीवरून हळूहळू फिरू लागलं. टोकापासून... टोकापर्यंत.

फोन वाजला. नवरा.

"गाडी चालवत होतो गं. आज लवकर सुटलो, मीच आणलं भिंगरीला. तुला कळवायचं राहिलं. कुठेयस तू?"

फोनमध्ये त्याच्या मागून आवाज आला, "बाबा, आईला सांग ना, मला भूक लागलीय!"

ती जागच्या जागी थांबली. खाली बघायचा धीर होईना. दुकानात तिने दात बघितले होते. डोळ्यांकडे लक्षच दिलं नव्हतं. आता आठवले... घारे. ठमीच्या चित्रात तिनेच रंगवलेले. भिंगरीचे काळेभोर होते.

"चल," ती कसंबसं म्हणाली. "चल बाळा... तुझ्या आईकडे."

शिवणीवरचं बोट थांबलं. तिने खाली बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

ती धावत मागे गेली. टेलरबाई फरशीवरच्या टाचण्या एकेक करून वेचत होत्या.

"ती... तुमचीच होती," ती दारातूनच म्हणाली.

टेलरबाईंनी मान वर केली. आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे.

"मग कुठाय?"

तिने आपला डावा हात उघडून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंगरीला शाळेत सोडायला निघाली. रस्ता ओलांडायचा होता. भिंगरी सवयीने तिच्या डाव्या बाजूला आली, हात धरायला हात पुढे केला आणि अडखळली.

"काय गं?"

"इथे जागा नाहीये, आई," असं म्हणून भिंगरी शहाण्यासारखी वळसा घालून उजवीकडे आली.