खोटा खोकला

खिडकीपाशी येऊन तो खोकला, तेव्हाच मला संशय आला.

क्षयाच्या लॅबमध्ये दिवसभर खोकलेच ऐकते मी. हा खोकला घशातून वरवरचा येत होता... बेसूर! डोळे मात्र छान होते. पण डोळे तपासणं माझं काम नव्हे.

"खोलवरून बेडका काढा. नुसती थुंकी नको." मी डबी पुढे सरकवली.

तो अंगणात जाऊन आला. मी डबी उजेडात धरली.

"ही लाळ आहे. आणि तुमचा खोकलाही खोटा आहे. काय हवंय तुम्हाला?"

"उद्या सांगतो," म्हणाला आणि हसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाईच त्याला आत घेऊन आल्या. निधी देणाऱ्या संस्थेचा तपासनीस! क्षयाचं मशीन, एचआयव्हीचे किट, वीज गेल्यावर फ्रिज चालवणारी बॅटरी, समुपदेशक ताईंचा पगार — सगळं त्या निधीवर चालायचं. अहवाल वाईट गेला, तर नमुने पुन्हा दूरच्या शहरात जाणार. आणि निकालाची वाट बघता बघता पेशंट घरच्यांनाही आजार देऊन बसणार.

"म्हणजे काल हेरगिरी चालली होती," मी म्हटलं.

"त्यात तुम्ही पास झालात."

"आणि तुम्ही नापास."

मग तो रोज यायला लागला. बॅटरी बघ, किटवरच्या तारखा बघ, फ्रिज उघड...

"सारखं तापमान बघतोय," ताई कुजबुजल्या. "फ्रिजला ताप आलाय की ह्याला?"

"गोड बोलून चुका काढतोय, ताई. तुम्ही नका भुलू."

"मी कुठे भुलतेय?" ताईंनी माझ्याकडे रोखून बघितलं.

एकदा मी हातमोजे चढवत असताना तो दारातून म्हणाला, "तुम्ही मास्कच्या आत हसता का हो कधी?"

"हा प्रश्न तपासणीत बसतो?"

"नाही..."

"मग फ्रिज बघा."

पण त्याच दुपारी बाकावरच्या एका बाईला तो हळूच विचारत होता, "एचआयव्हीचा निकाल कळला, तेव्हा तुमच्याजवळ कुणी बसलं होतं का?" तिने ताईंकडे बोट दाखवलं. त्याने उठून तिला पाणी आणून दिलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते, पण काचेवरचं काही दिसेल तर शपथ!

आणि मग तो यायचाच थांबला. त्याच्या जागी कडक इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई आल्या.

"ते कुठे गेले?"

"त्यांनी ही लॅब सोडली," बाई तुटकपणे म्हणाल्या.

कुठेतरी पाणी मुरत होतं. नक्कीच काहीतरी सापडलं असणार, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही! रात्री अंथरुणात मी त्याच्याशी भांडभांड भांडले.

बाईंनी दोन चुका काढल्या, आमच्याकडून दुरुस्त करून घेतल्या आणि निधी चालू ठेवावा म्हणून अहवालावर सही केली. ताईंनी मला घट्ट मिठी मारली. मला मात्र धड आनंदही होईना.

त्या संध्याकाळी तो बसस्टॉपवर उभा होता.

"पळून का गेलात?" मी थेट विचारलं. "काय सापडलं होतं आमच्यात?"

"काहीच नाही! तीच तर पंचाईत..." त्याने हातातल्या रुमालाची घडीवर घडी घातली. "मला तुमच्या लॅबमध्ये चूक दिसेनाशी झाली. मग कळलं — दोष माझ्याच नजरेत आहे. साहेबांना म्हटलं, दुसरं कुणी पाठवा. मला तिथली एक व्यक्ती आवडायला लागलीय."

"साहेबांना सांगितलंत? आणि मला?"

"सही व्हायच्या आधी बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, निधीच्या बदल्यात काहीतरी मागतोय."

वाटलंच असतं. मला सगळ्याचाच संशय येतो.

तेवढ्यात बस आली, थांबली आणि निघूनही गेली.

"अहो... तुमची बस गेली."

"दिसली मला," मी म्हटलं आणि बाकावर बसून शेजारी त्याच्यासाठी जागा केली.