मध्येच परत फिरलं तर...

"ज्यानं कुणी हे ॲप बनवलंय ना, त्याला निवडुंगावर बसवायला हवं!"

गिऱ्हाइकासमोर असं बोलायला नको होतं मी. पण त्या दिवशी ॲप सातव्यांदा बंद पडलं होतं. आमच्या नर्सरीतली झाडं लोकांना घरबसल्या बघता यावीत, मागवता यावीत, म्हणून बाबांच्या मागे लागून ते मीच घ्यायला लावलं होतं. आणि यादीतल्या झाडावर बोट टेकवून जरा इकडेतिकडे केलं, की सगळं गायब!

समोरचा उंच, चष्मेवाला मुलगा हातातल्या निवडुंगाकडे बघत राहिला.

"मग हा... परत ठेवू का मी?"

"का? आवडला नाही?"

"आवडला. पण ते ॲप... मीच बनवलंय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तो मात्र हसला. अगदी सावकाश, आधी डोळ्यांनी आणि मग ओठांनी. तिथेच मी त्याचं नाव ठेवलं – सावकाश.

"दहा दिवस ही तक्रार येतेय," तो म्हणाला. "पण माझ्या फोनवर एकदाही बंद पडत नाही. बघा ना..."

त्यानं गुलाबावर बोट टेकवलं. यादीतला छोटासा फोटो वर सरकला, फुलत मोठा झाला आणि नव्या स्क्रीनवर जाऊन अलगद बसला. सावकाश त्याच्याकडे बघत उभा. मग त्यानं मागे जायचं बटण दाबलं. फोटो आपला लहान होत परत जागेवर. काहीही बिघडलं नाही.

"आणा इकडे." मी फोन घेतला. दोन सेकंदांत ॲप बंद!

"काय केलंत?"

"काही नाही. वापरलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो हजर. तिसऱ्या दिवशीही. ओल्या मातीचा वास, कुंड्यांमधली ती अरुंद वाट, एका स्टुलावर मी आणि उलट्या बादलीवर तो. माझ्या बोटांकडे इतकं लक्ष देऊन आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"पुन्हा करा ना. पण या वेळी जरा..."

"हळू?"

"नाही, जरा..."

"जोरात?"

"अगं, त्याचं वाक्य त्याला संपवू दे की!" पाइप घेऊन पाणी घालणारे बाबा ओरडले. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, तशी गत आहे हिची!"

बाबांना दुसरी म्हणच आठवली नाही! माझे कान तापले. सावकाश मान खाली घालून चष्मा पुसायला लागला. चष्मा मघाशीच पुसलेला होता.

"जरा पुढे वाका, एवढंच म्हणत होतो," तो पुटपुटला. "बोटांवर सावली पडतेय."

चौथ्या दिवशी त्यानं दुसऱ्या फोननं माझ्या अंगठ्याचं चित्रण केलं आणि ते संथ करून बघितलं. एकदा, दोनदा... आणि बादलीवरून ताडकन उठला. हा माणूस ताडकन उठू शकतो, हे मला नवीन होतं.

"सापडलं! फोटो अजून वाटेत आहे आणि तुम्ही मागे फिरताय. तो जिथे पोचायचा ती स्क्रीनच उरत नाही. बिचाऱ्याला टेकायला जागा नाही... म्हणून सगळं कोसळतं."

"म्हणजे चूक माझी?"

"छे! माझी. मी धरूनच चाललो, की सगळे थांबतील." तो ओशाळला. "ते फोटोचं फुलत जाणं... तीन आठवडे खपलोय त्यावर. म्हणून दर वेळी बघत बसतो. मध्येच कुणी परत फिरेल, हे मनातच आलं नाही."

मला तो तेव्हा इतका आवडला... आणि लगेच मनात आलं – ॲप सुधारलं, की हा इथे कशाला येईल?

शुक्रवारी तो दुरुस्ती करूनच आला. मी तीसदा तरी बोटं आपटली. फोटो वाटेत असताना मागे फिरले, तर फोटोही होता तिथूनच गुपचूप मागे फिरला. कोसळलं काहीच नाही.

"झालं तर मग," मी म्हणाले.

"हो. मला एक... म्हणजे उद्यापासून..."

"उद्यापासून यायचं कारण नाही. माहितीये मला. बरं झालं, सुटलात!" आणि मी तरातरा काचघरात निघून गेले. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसायला नको होतं.

बाबा मागोमाग आले. पाइप बंद करून म्हणाले, "तो काय म्हणत होता?"

"येणार नाही म्हणत होता."

"ते तू म्हणालीस. तो 'उद्यापासून'पर्यंतच पोचला होता."

काचेतून मी बाहेर बघितलं. सावकाश होता तिथेच उभा होता, मी परत येणारच आहे अशा विश्वासानं. गाल पुसून मी बाहेर आले.

"बोला. मी थांबते."

त्यानं श्वास घेतला. चष्मा सारखा केला. मी जीभ दातांखाली धरली.

"उद्यापासून... काही काम नसताना... म्हणजे ॲपचं काही नसताना... मी आलो तर..."

"चालेल!"

सुटलंच तोंडातून. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसायला लागला, आधी डोळ्यांनी, मग ओठांनी.

"तोड तू खुशाल मध्येच," तो म्हणाला. चक्क 'तू' म्हणाला मला! "ते सांभाळायला शिकलोय मी आता. पण माझं वाक्य संपलं नव्हतं."

"मग संपव ना..."

"मी आलो तर... ते फक्त तुझ्यासाठी असेल."

तो हळूहळू हात पुढे करत होता आणि या वेळी तो माझ्या हातापर्यंत पोचेपर्यंत मी थांबले.