जबडा, पिकअप आणि साडूभाऊ

आम्ही निघालो होतो एका जबड्यासाठी! साधासुधा जबडा नव्हे. त्या मिठाच्या पठाराच्या जागी कधीकाळी समुद्र होता, आणि त्या समुद्रात पोहणाऱ्या एका अजस्र प्राण्याचा, दातांसकट दगड झालेला, माझ्या उंचीचा जबडा. पठाराच्या मधोमध एक काळा खडक आहे, त्याच्या पोटात तो अडकून बसला होता. प्राध्यापिकाबाईंनी त्याच्यापायी नऊ वर्षं घालवली होती. उन्हाळी वादळं सुरू व्हायच्या आत तो सोडवायचा, पेटीत घालायचा आणि सतरा किलोमीटर मीठ तुडवून काठावरच्या चौकीपर्यंत आणायचा, अशी आमची मोहीम होती.

मोहिमेत माणसं तीन. बाई, मी आणि माझे साडू. बाईंना हाडं कळतात. मला गाडी कळते. वीस वर्षं मी गाड्यांच्या पोटात हात घालतोय. आणि साडूभाऊंना? त्यांना सगळंच कळतं! निदान माझ्या सासूबाईंचं तसं मत आहे. साडूभाऊ घड्याळ दुरुस्त करतात. साडूभाऊंचा आवाज कधी चढत नाही. साडूभाऊ जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतात. हे शेवटचं तर मी दहा वर्षांत हजारदा ऐकलंय, कारण माझी बायको रोज माझं ताट उचलताना म्हणते, "जरा भाऊजींकडून शिका!" अंगाचा नुसता तिळपापड होतो.

पण या मोहिमेत त्यांच्यावाचून इलाज नव्हता. ते मिठागराचे सर्व्हेअर. पठारावर मिठाचा थर कुठे जाड आणि कुठे पापडासारखा पातळ, हे त्यांना पाठ. वरून सगळं पांढरंशुभ्र, फरशीसारखं टणक दिसतं. पण चुकीच्या जागी चाक गेलं की खाली कमरेएवढा खारा चिखल. त्यामुळे येताना गाडी मी चालवली आणि शेजारी बसून हे बोटाने दाखवत होते, "डावीकडे घ्या. आता सरळ. जरा हळू." माझ्या गाडीत बसून मलाच हळू!

खडकावर सहा दिवस काम चाललं. बाईंनी जबड्याला प्लास्टर केलं, साडूभाऊंनी फळ्या ठोकून पेटी बनवली. "काय सुबक पेटी झालीय हो!" बाई म्हणाल्या. मी ओंडक्यांवरून ती दीड क्विंटलची पेटी एकट्याच्या अक्कलहुशारीने पिकअपमध्ये चढवली, तेव्हा मात्र म्हणाल्या, "सावकाश, फळी निघेल." घ्या!

सातव्या दिवशी सकाळी नऊला निघायचं ठरलं. पाणी उरलं होतं जेमतेम सहा लिटर. पण दुपारच्या आत चौकी गाठायची होती, त्यामुळे काळजी नव्हती. मी चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला. इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच!

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"एक मिनिट," म्हणून मी कान दिला. चावी नुसती चालू केली की टाकीतला पंप दोन सेकंद घूं करतो, इंजिनकडे पेट्रोल ढकलतो. आज घूं नाही. टाकीत पेट्रोल होतं, काडी घालून पाहिलं. फ्यूज काढून उन्हात धरला, तार शाबूत. पंपाला करंट सोडणाऱ्या रिलेवर बोट ठेवलं, तो टक्क वाजत होता. टाकीला खालून बुक्के हाणले. अडकलेला पंप कधीकधी त्याने जागा होतो. हा होईना.

"पंपापर्यंत करंट येतोय का बघायचं?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले.

मी तेच करणार होतो! पण आता ते त्यांच्या सांगण्यावरून केल्यासारखं झालं ना! दात ओठ खात मी वायर लावलेला बल्ब घेऊन गाडीखाली सरकलो. पंपाचा कनेक्टर काढला, बल्बची एक वायर त्यात धरली, दुसरी चासीच्या लोखंडाला.

"फिरवा चावी!"

साडूभाऊंनी फिरवली. बल्ब पेटला नाही. परत फिरवायला लावली. नाहीच. म्हणजे पंप ठणठणीत होता. करंट मध्येच कुठेतरी तुटत होता. कुठे, ते मला त्या क्षणी कळलं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली कसली, लपवली होती! मागच्या वर्षी मला ताप आला तेव्हा चार दिवस ही पिकअप साडूभाऊंनी चालवली. बरा होऊन आलो तर जो तो म्हणे, काय अलगद चालवतात हो, धक्का म्हणून लागला नाही! क्लचसुद्धा मला बदलल्यासारखा वाटला, सवत नांदून गेल्यासारखा. म्हणून या मोहिमेला निघायच्या आदल्या दिवशी मी ड्रायव्हरच्या सीटखाली एक चोर-स्विच बसवला. पंपाची वायर कापून त्यातून फिरवली. स्विच दाबल्याशिवाय गाडी कोणाच्या बापाला सुरू होणार नाही, आणि साडूभाऊंच्या हाती तर नाहीच नाही! घाईत सोल्डर केलं नव्हतं, वायर नुसती पिळून टेप मारली होती. सतरा किलोमीटरच्या हादऱ्यांनी ती सैल झाली असणार, आणि पेटी चढवतानाच्या धक्क्याने पीळ सोडून निसटली असणार.

"पेटला का?" वरून साडूभाऊंनी विचारलं.

नाही म्हणावं, तर ते वायर धरून मागोमाग जाणार, सीट उचलणार, स्विच बघणार. वीस वर्षांच्या मेकॅनिकने स्वतःच गाडी बंद पाडली, तीही यांच्यावर जळून! सासूबाईंपर्यंत ही बातमी किती वेगाने पोचेल याचा मी हिशेबच केला नाही.

"पेटला!" मी ओरडलो. "करंट येतोय. पंपच गेला!"

बाहेर आलो तेव्हा बाईंचा चेहरा उतरला होता. साडूभाऊ माझ्याकडे बघत होते. "टाकी उतरवून पंप खोलायला किती वेळ?"

"तीन तास. जमेलच असं नाही."

त्यांनी पाण्याच्या कॅनकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "मग मी चालायला लागतो. चौकीवरून दुसरी गाडी आणतो."

"या उन्हात? गाडी सोडून कोणी जायचं नाही!" बाई म्हणाल्या.

"वाट मला पाठ आहे. पाच तासांत पोचेन." एक स्टीलची बाटली, होकायंत्र आणि डोक्याला फडकं, एवढं घेऊन ते निघालेसुद्धा. जाता जाता मला म्हणाले, "गाडी सुरू झालीच तर माझ्या पावलांवरूनच या. बाजूला वळू नका, थर पातळ आहे."

मी अडवलं नाही. खरं सांगू का? मला आनंद झाला! ते जरा लांब गेले की वायर जोडायची, पाच मिनिटांचं काम. मग तीन किलोमीटरवर त्यांना गाठायचं, काच खाली करायची आणि म्हणायचं, "काय साडूभाऊ, सोडू का कुठे?" मेलेला पंप भर वाळवंटात जिवंत केला, ही गोष्ट घरी बायकोला कशी सांगायची तेही मी मनात जुळवून ठेवलं.

ते ठिपक्याएवढे झाले तशी बाईंना खडकाच्या सावलीत बसवून मी सीट उचलली. वायर लोंबतच होती. पण घाईत चावी चालू ठेवूनच जोडायला गेलो. उघडं टोक सीटच्या लोखंडाला लागलं. ठिणगी! फ्यूज उडाला! जादा फ्यूजची डबी उघडली, तर त्यात याच्या मापाचा एकही नाही. हॉर्नचा तेवढा त्याच मापाचा होता. तो उपटायला वळलो आणि दाराशी बाई उभ्या.

"हा स्विच कसला?"

मी सीट झटकन खाली टाकली.

"पंप गेला होता ना?"

"नाही गेला," मी म्हणालो. "बल्ब पेटला नव्हता. हे मीच बसवलंय. साडूंनी गाडी चालवू नये म्हणून."

बाईंनी नुसतं माझ्या मागे बोट केलं. मी वळून पाहिलं. पठाराच्या कडेला, जिकडे साडूभाऊ गेले होते तिकडे, एक मळकट पांढरी भिंत उठली होती. मिठाचं वादळ! चार दिवस आधीच!

हॉर्नचा फ्यूज काढून पंपाला लावला. वायर पिळली, टेप गुंडाळली. चावी. घूं! इंजिनाने एका झटक्यात धरलं. बाई उडी मारून आत बसल्या आणि आम्ही सुसाट निघालो.

पहिले दोन किलोमीटर पावलं दिसली. मग वारा आला. काचेवर मीठ सडसडायला लागलं, सूर्य गेला, पुढचं बॉनेटसुद्धा दिसेना. पावलं पुसली गेली. होकायंत्र साडूभाऊंकडे. वारा समोरच्या काचेवर ठेवून मी पहिल्या गिअरमध्ये रांगत होतो.

"हॉर्न द्या! त्यांना ऐकू येईल!" बाई ओरडल्या.

हॉर्न दाबला. मुका! त्याचा फ्यूज पंपाला होता. मग एकच उपाय. गाडी थांबवायची, इंजिन बंद, फ्यूज उपटायचा, हॉर्नच्या जागी खोचायचा, तीनदा दाबायचा, कान द्यायचा. काही नाही. फ्यूज परत पंपाला, चावी, घूं, चालू. शंभर मीटर पुढे. पुन्हा थांबा, पुन्हा उपटा! दर वेळी चावी फिरवताना मनात म्हणायचो, आता नाही झाली तर? त्या पिळलेल्या वायरीवर तीन जीव टांगले होते.

सहाव्या की सातव्या वेळी खाडकन आवाज झाला आणि गाडीचं डावं मागचं चाक खाली गेलं. थर फुटला! काळा चिखल वर आला. मी रेस केली, चाक अजून खोल. गाडी तिरकी झाली.

"बोजा जास्त आहे," मी म्हणालो आणि जीभ चावली.

बाई मागे चढल्या होत्या. पेटीवर हात ठेवून एक क्षण उभ्या राहिल्या. मग पहार उचलली. "उतरवा."

"बाई, नऊ वर्षं..."

"हाडाला तहान लागत नाही! उतरवा म्हणते ना!"

साडूभाऊंची ती सुबक पेटी आम्ही फोडली. जबडा मिठावर घसरवला, फळ्या चाकाखाली कोंबल्या. मी खांदा लावला, स्टिअरिंग बाईंनी धरलं. एकदा! दोनदा! तिसऱ्यांदा गाडी कण्हत वर आली. महिन्याने तिथे परत गेलो तेव्हा खाऱ्या पाण्याचं एक डबकं आणि दोन दात मिळाले, बाकी जबडा पठाराने गिळला होता. बाईंनी मला त्यावरून आजवर एक शब्द ऐकवलेला नाही.

पुन्हा फ्यूज बदलला, पुन्हा तीनदा हॉर्न. आणि वाऱ्यातून बारीकसं उत्तर आलं. टण, टण, टण!

"डावीकडे!" बाई किंचाळल्या.

गाडी तिथेच सोडून, दोरीचं एक टोक बंपरला आणि दुसरं कमरेला बांधून मी धावलो. टण, टण! साडूभाऊ वाऱ्याकडे पाठ करून बसले होते, एक पाय गुडघ्यापर्यंत फुटलेल्या थरात, आणि रिकाम्या बाटलीवर खिशातला चाकू आपटत होते. ओठ फुटलेले, डोळे सुजून बंद झालेले. मी काखेत हात घालून त्यांना उपसून काढलं. केवढे हलके होते! इतकी वर्षं मला ते फार मोठे वाटत आले होते.

पाणी पाजलं, डोळे धुतले. तासाभराने वादळ विरळ झालं आणि त्यांनी मिचमिच्या डोळ्यांनी पुन्हा बोट दाखवायला सुरुवात केली. "उजवीकडे. हं. आता सरळ." मी मुकाट्याने वळवत होतो. चौकीचा पत्रा दिसायला लागला तेव्हा मला राहवलं नाही.

"साडूभाऊ, पंप चांगला होता. तो बल्ब पेटलाच नव्हता."

"माहीत आहे."

मी ब्रेक दाबला. "कसं काय?"

"येताना दर वेळी गाडी सुरू करताना तुमचा हात सीटखाली जायचा. आज सकाळीही गेला. तिथे काहीतरी असणार, हे कळत होतं."

"मग बोलला का नाहीत? चालत कशाला निघालात?"

ते जरा ओशाळले. "बाईंसमोर कसं बोलायचं? तुमचं तोंड पडलं असतं. म्हटलं, आपण लांब गेलो की हे नीट करतील आणि दोन-तीन किलोमीटरवर आपल्याला गाठतील. तुमचा मानही राहील, कामही होईल. हे वादळ मात्र माझ्या हिशेबात नव्हतं."

मागच्या सीटवर बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी गाडी परत गिअरमध्ये टाकली. दहा वर्षं मी या माणसाच्या घड्याळांवर, त्याच्या शांत आवाजावर, त्याने उचललेल्या ताटांवर जळत आलो. तो सगळा पोरखेळ होता. त्याचा खराखुरा हेवा मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटला, आणि अजूनही वाटतो.